देवातलं हीण

अण्णा माणसांना टंच लावायचे. टंच म्हणजे धातूचा कस. शंभर भागांत खरा धातू किती, ते. बाकी उरतं ते हीण. सराफ कट्ट्यावर हे माप सोन्याचांदीला लावतात, अण्णा ते सगळ्या जगाला लावायचे. कोपऱ्यावरचा चहावाला सत्तर टंच, कारण आलं घातलंय म्हणायचा आणि घालायचा नाही. सांगली स्टँडवरचा एक कंडक्टर नव्वद, कारण म्हातारं माणूस पळत येताना दिसलं की तो घंटी मारत नसे. सख्खा धाकटा भाऊ साठ. का, ते मी कधी विचारलं नाही. मी पहिल्यांदा त्यांच्या खोलीच्या दारात उभी राहिले तेव्हा चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "चाळीसच्या वर न्हाईस. पर ये, बस."

दोन वर्षांनी मी बासष्टवर पोचले होते. त्यापुढे त्यांनी मला चढवलं नाही, आणि आता चढवायला ते नाहीत.

कट्ट्यामागच्या बोळात त्यांची खोली होती. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. एक भट्टी, एक धुराडं, फळीवर आम्लाच्या बरण्या, आणि भिंतीला टेकवून ठेवलेली एकच खुर्ची, जिच्यावर ते कुणाला बसू देत नसत आणि स्वतःही बसत नसत. "खुर्चीतल्या माणसाचं भट्टीकडं ध्यान नसतंय," म्हणायचे. मग खुर्ची ठेवलीच कशाला, हे विचारायची सोय नव्हती.

मूळचे ते विट्याकडचे. तिकडे पाऊस कमी, म्हणून घरटी एक तरी माणूस गलाईला बाहेर पडलेला. मोडीचं सोनं, मोडीची चांदी आम्लात घालायची, त्यातलं हीण काढायचं आणि निखळ धातू मोकळा करायचा, ही गलाई. अण्णा मिसरूड फुटायच्या आत चुलत्याबरोबर तमिळ मुलखात गेले आणि केस पिकल्यावर परत आले. येताना भट्टीचं सामान आणि तमिळ आकडे घेऊन आले. बोलायचे आपल्या मातीतलं, पण मोजायची वेळ आली की ओन्नु, रेंडु, मूणु. वजन करताना त्यांच्याशी कुणी मराठीत बोललं तर त्यांची मोजणी चुकायची आणि मग ते सगळ्या कट्ट्याला ऐकू जाईल असे ओरडायचे.

मी साताऱ्याची. हातानं दागिने घडवते, चांदीचे. ठुशी, चिंचपेटी, बुगड्या. तेव्हा मला घडवता येत होतं, पण काय घडवतेय ते कळत नव्हतं. व्यापारी चांदी म्हणून देईल ती चांदी. एकदा एका बाईंनी ठुशी परत आणली. "चांदी काळी पडतेच हो," असं मी नेहमीच्या सफाईनं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "काळी नाही, हिरवी," आणि पदर बाजूला करून मानेवरचा पट्टा दाखवला. कुणीतरी अण्णांचं नाव सांगितलं, म्हणून ती ठुशी घेऊन मी सांगलीला गेले. त्यांनी ती दोन बोटांत मळली आणि बोटं नाकाला लावली.

"काळी पडती ती चांदी. हिरवं पडतंय ते तांबं. एवढं कळंना, आन लोकांच्या गळ्यात घालतीस व्हय?"

तेव्हापासून आठवड्यातून दोनदा माझी एसटी सुरू झाली. कराडला गाडी थांबली की मी चहा घ्यायची आणि आज काय बोलणी खावी लागतील याचा अंदाज बांधायची. पहिले तीन महिने त्यांनी मला विस्तवाजवळ जाऊ दिलं नाही. कागदात गुंडाळलेले पाच तुकडे पुढे टाकायचे आणि डोळे मिटून टंचाच्या चढत्या क्रमानं लाव म्हणायचे. "डोळा फसतोय. कान जरा कमी फसतोय. तळहात न्हाई फसत." मग कसोटीवर रेघ ओढायची, आम्लाचा थेंब सोडायचा आणि रेघ किती टिकते ते बघत बसायचं. माझी रेघ नेहमी जाड यायची. "भिताड रंगवाय आलीस का काय?" असं म्हणून ते दगड धुऊन पुन्हा माझ्या हातात द्यायचे.

कारागिरांबद्दल त्यांना फारसा आदर नव्हता. "तुमी मिसळणारी माणसं. आमी सोडवणारी," असं म्हणायचे. निखळ सोन्यात खडा बसत नाही, निखळ चांदीची साखळी ताणली जाते, दागिना उभा राहायला हीण लागतंच, हे त्यांनीच मला नखानं सोनं दाबून दाखवलं होतं. पण ते शिकवताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की जणू घरातली लाजिरवाणी गोष्ट परक्याला सांगावी लागतेय. त्यांच्या घरी तर हीण उंबऱ्याच्या आत आलेलं नव्हतं. काकूंच्या मंगळसूत्राच्या वाट्या त्यांनी स्वतः गाळलेल्या चोवीस कॅरेटच्या. त्या जरा कुठं दाबल्या की चेंबायच्या. काकू दर सोमवारी काडेपेटीतल्या काडीनं त्या आतून फुगवत बसायच्या आणि मला ऐकवायच्या, "शंभर नंबरी नवरा केला बघ. हात लावंल तिथं पोचा."

अण्णा हे ऐकून खूश व्हायचे. शंभर नंबरी एवढंच त्यांना ऐकू जायचं.

पुढे मोठ्या रस्त्यावरच्या एका दुकानात कस तपासायचं यंत्र आलं. डबीत दागिना ठेवला की पडद्यावर आकडा. लोक एकच बांगडी दोन्हीकडे दाखवून मजा बघायला लागले. एकदा यंत्र ब्याण्णवच्या जवळ म्हणालं आणि अण्णा म्हणाले सत्त्याऐंशी. त्यांनी बांगडीच्या आतल्या अंगाला कानस मारली आणि तीच जागा यंत्राला दाखवायला लावली. आकडा उतरला. "ते कातडं बघतंय. मी हाड बघतुय," असं त्यांनी महिनाभर सगळ्यांना सांगितलं. नंतर एका अंगठीत मात्र यंत्र बरोबर निघालं आणि ते चुकले. दोन दिवस ते कसोटी धुऊन पुन्हा पुन्हा रेघा ओढत बसले. तिसऱ्या दिवशी मी साताऱ्याहून नेलेल्या कंदी पेढ्यांतला एक उचलून ते त्या दुकानात गेले आणि यंत्रावर ठेवून आले. म्हणाले, "मान द्याय पायजे."

हे सगळं मी हसत सांगू शकते. पुढचं नाही सांगता येत.

दिवाळी होऊन गेली होती. आटपाडीकडची एक म्हातारी आली. सत्तरी ओलांडलेली, कपाळाला भंडारा, पायात जाड चपला. धनगराचं घर, मेंढरं आता भावकीत कुणाकडे तरी होती, यांनी डाळिंबाची बाग धरली होती. तिनं कमरेच्या पिशवीतून पिवळं फडकं काढलं आणि अण्णांच्या पुढ्यात सोडलं. आत पाच टाक होते. चांदीच्या पत्र्यावर उठवलेले बोटभर देव, देव्हाऱ्यात पूजतात ते. रोजच्या आंघोळीनं आणि पुसण्यानं इतके झिजले होते की घोड्यावर खंडोबा आहे की बिरोबा, ओळखू येत नव्हतं.

"त्वांड दिसंना झालंय देवाचं," म्हातारी म्हणाली. "चंपाषष्ठीच्या नवरात्राला बसवायचं हायती. ह्येच आटवा आन ह्येचंच करा. आमच्यात द्येव पाण्यात सोडत न्हाईत. त्योच त्यात ऱ्हायला पायजे."

अण्णांनी मान हलवली. ती गेल्यावर त्यांनी एक टाक कसोटीवर ओढला आणि थेंब सोडला. मग दुसरा ओढला. त्यांचा चेहरा उतरला.

"पंचावन्न टंच," ते म्हणाले. "देवाला पंचावन्न! निम्मं तांबं. कुणी केलं आसंल गं हे? माणसाला फसवावं, देवालाबी?"

त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं. मजुरी घ्यायची नाही, हे त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. पत्रा जरा पातळ निघाला तरी चालेल, पण देव निखळ चांदीचा करायचा. म्हातारी काय म्हणाली ते मी ऐकलं होतं. 'त्योच त्यात ऱ्हायला पायजे.' मला तिथं काहीतरी अडलंही. पण मी म्हणाले, "अण्णा, हे तर सोन्याहून पिवळं होईल." शिकणाऱ्या माणसाला गुरूचं मोठेपण दिसतं तेव्हा त्याला दुसरं काही दिसत नाही, ही सबब मी पुढे खूप दिवस स्वतःला दिली.

टाक आम्लात विरघळले आणि पाणी निळं झालं. त्यात तांब्याची पट्टी सोडली, की चांदी करड्या गाळासारखी खाली बसते आणि तांबं पाण्यात राहतं. तो गाळ धुऊन आटवला. चांदी इतकी पांढरी निघाली की अण्णा ती खिडकीशी नेऊन दोन-तीनदा बघून आले. त्यांनी पत्रा ओढला, मी माझ्याकडच्या ठशांवर ठोकून पाच देव उठवले. नाक, डोळे, घोड्याचे लगाम, सगळं स्पष्ट. माझ्या हातून इतकं नेटकं काम तोवर झालं नव्हतं.

नवरात्राला आठ दिवस राहिले असताना म्हातारी आली. तिनं एकेक टाक उचलून तळहातावर ठेवला. नमस्कार केला नाही.

"हलकं लागत्यात, दादा."

"लागणारच, आक्का." अण्णा उत्साहानं पुढे सरकले. "समदी घाण काढली. निम्मं तांबं हुतं. आता बघा, शंभर नंबरी द्येव हायती तुमचं."

"कसली घाण?"

"हीण वं. तांबं."

"आन ती कुठं हाय?"

अण्णांनी फळीवरची निळ्या पाण्याची बरणी दाखवली. म्हातारी बरणीजवळ गेली आणि बराच वेळ बघत उभी राहिली. मग वळून तिनं विचारलं, "मग द्येव कशात हाय म्हणायचा? ह्यात, का त्येच्यात?"

अण्णा हसले. पण ती हसत नव्हती, टोमणाही मारत नव्हती. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं, आणि या खोलीतल्या माणसाला ते ठाऊक असेल असं तिला वाटत होतं.

"आमच्यात टाक आटवायची येळ आली, का घरात जी सून आसंल तिनं त्यात आपलं कायतरी घालायचं," ती सांगू लागली. "माझ्या येळंला आटवाय लागलं न्हाई, आन आता घरात सून न्हाई. माझ्या सासूनं पायातलं वाळं घातलं. साळूबाई तिचं नाव. तिच्या सासूनं जोडवी घातली. त्येच्याबी आदुगर ठकूबाई हुती. तिच्या वक्ताला दुष्काळ पडला. मेंढरं मेली. वाटंत द्येव आटवाय लागलं, आन आंगावर चांदीचा मणी न्हाई. दोन ढब्बू पैसं हुतं, तांब्याचं. तेवढंच हुतं घरात. तिनं दोनीबी घातलं. लोकं हसली म्हणं, देवात कुणी तांबं घालतंय का. पर देवानं घेतलं." तिनं बरणीकडं बोट दाखवलं. "ती घाण न्हवं, दादा. ती ठकूबाई हुती."

म्हातारीनं पाचही टाक परत अण्णांच्या पुढ्यात ठेवले. "ऱ्हाऊ द्या. मी नवरात्राला सुपाऱ्या मांडीन," म्हणाली आणि चपला घालून निघून गेली. तिच्या मागे जावं, काहीतरी बोलावं, असं मला वाटलं. पण काय बोलणार? मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

अण्णांनी त्या दिवशी भट्टी दुपारीच विझवली. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "ठसे घिऊन ये," एवढंच बोलले.

मी पोचले तेव्हा ते त्या बरणीपुढे उकिडवे बसले होते. निळं पाणी फिकट पडलं होतं. आत लोखंडाचे खिळे सोडलेले, आणि खिळ्यांवर लाल गाळ चढलेला. लोखंडावर तांबं असं परत येतं, हे मला त्यांनीच पूर्वी सांगितलं होतं. फक्त ते कधी करून दाखवलं नव्हतं, कारण गलाईवाला हीण कशाला परत आणेल?

"आलंय का सगळं?" मी विचारलं.

"समदं आलंय. जरा जास्तच आलंय." ते माझ्याकडं बघत नव्हते. "चांदी खाली पाडाय पट्टी सोडली हुती का न्हाई? त्या पट्टीचं तांबंबी ह्यात उतरलंय. दोनी एक झाल्यात. ह्यातलं ठकूबाईचं कुठलं आन पट्टीचं कुठलं, कोण सांगणार? उभा जलम सोडवत आलो बघ. हे सोडवाय येत न्हाई मला."

मी म्हणाले, मूळचं वजन तुमच्या डोक्यात आहेच, तेवढं तोलून घालू, बाकीचं बाजूला ठेवू. हिशोबाला धरून तर होतं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझे बासष्ट त्या क्षणी पुन्हा चाळीस झाले असावेत.

"आन बाजूला ठेवलं त्यातच ती आसली तर?"

म्हणून त्यांनी सगळं घातलं. लाल गाळ धुतला, वाळवला, पाची नवे टाक मोडून मुशीत टाकले आणि वर ते तांबं सोडलं. ज्या माणसानं आयुष्यात कधी गुंजभर मिसळ केली नव्हती, तो आता स्वतःच्या हातानं तांबं मिसळत होता. तांब्याचा कण मुशीच्या काठाला चिकटला तर तो त्यांनी पिसानं आत लोटला. रस झाल्यावर ढवळला. मी कसोटी पुढे केली, तर ते म्हणाले, "नको. कळतंय मला. पंचेचाळीसबी न्हाई." मी पुन्हा ठसे मारले. धातू कडक झाला होता, जास्त ठोकावा लागला. देव तांबूस दिसत होते आणि नाकाडोळ्यांना पहिली धार नव्हती.

नवरात्र बसायच्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. विट्याला गाडी बदलली. विटा त्यांचं गाव म्हणावं इतकं जवळचं, पण ते स्टँडबाहेर जाऊन कुणाला भेटले नाहीत, मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून बसले. म्हातारीचं घर रस्त्यापासून आत, डाळिंबाच्या बागेच्या कडेला होतं. उंबऱ्याच्या आतच, दारासमोर देव मांडले होते. घटाशेजारी विड्याच्या पानांवर पाच सुपाऱ्या होत्या.

अण्णा बाहेरच उभे राहिले. म्हातारी उठून आली तेव्हा त्यांनी पिशवी तिच्याकडे दिली आणि जे बोलायचं ते एका दमात बोलून टाकलं.

"आक्का, ठकूबाई ह्यात हाय. समदी हाय. पर तिच्यासंगं आजून एक तांबं आलंय. माझं. ते काढाय येत न्हाई. तुमाला चालत नसंल तर तसं सांगा."

"कुठलं तांबं?"

"आमच्या आईची घागर हुती. फुटली. तिचा पत्रा कापून मी पट्ट्या केल्या हुत्या, कामाला."

हे मलाही ठाऊक नव्हतं. दोन वर्षं त्या पट्ट्या मी हातात घेतल्या होत्या.

"लांबनं पाणी आणत आसंल तुमची आई," म्हातारी म्हणाली.

"दोन कोसावनं. दिसातनं तीनदा." अण्णांचा आवाज लहान झाला. "मी गलाईला ग्येलो तवा ती पाण्यालाच ग्येली हुती. सांगायचंबी न्हाई झालं. म्हागारी आलो तर घागरच ऱ्हायली हुती."

म्हातारीनं पिशवीतला एक टाक काढून तळहातावर ठेवला. बोटं मिटली, उघडली. मग ती आत जाऊन बसली, पानांवरच्या सुपाऱ्या एकेक करून बाजूला घेतल्या आणि त्यांच्या जागी देव मांडले. त्यांच्या घरची रीत अशी, की देव बसवताना भंडारा वाहायचा आणि ज्या ज्या सुनेनं त्यात काही घातलं तिचं नाव घ्यायचं. तिनं ते मोठ्यानं घेतलं. साळूबाईचं वाळं. मग साळूबाईच्या सासूचं नाव आणि तिची जोडवी. मग ठकूबाईचे दोन पैसे. पुढची चिमूट उचलून ती थांबली आणि दाराकडे वळली.

"दादा, आईचं नाव काय तुमच्या?"

अण्णांनी चपला काढल्या. उंबऱ्यापर्यंत आले आणि नाव सांगितलं. मी त्यांच्या शेजारी उभी होते तरी मला ते ऐकू आलं नाही. म्हातारीला ऐकू आलं. तिनं भंडारा वाहिला, ठकूबाईच्या मागोमाग ते नाव घेतलं, आणि म्हणाली, "घागर."